झोपलेले बाबा आणि तीन पेनं

आमचे बाबा रोज दुपारी दीड ते तीन झोपतात. म्हणजे आडवे वगैरे होत नाहीत, खुर्चीतच मान मागे टाकून, तोंड अर्धवट उघडं, पेपर मांडीवर, चष्मा कपाळावर. रिटायर झाल्यापासून हा कार्यक्रम एक दिवस चुकलेला नाही. आता फिगर काढायला बसणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं मॉडेल कुठे मिळणार, फुकट, हलत नाही, आणि "नाक एवढं मोठं कशाला काढलंस" हे विचारायला दीड तास तरी उठत नाही.

तर गेल्या पावसाळ्यात चार दिवस घरी गेले होते तेव्हा त्यांना काढायला बसले. माझ्याकडे ते ०.१ चं काळं पेन होतं, वॉटरप्रूफ शाईवालं, जे हल्ली स्केचिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या पाऊचमध्ये असतं. तासभर बसले. पेन हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मापं घेतली, डोक्याच्या किती पट धड, कोपर कुठे येतंय, सगळं. गळ्याच्या सुरकुत्या काढल्या, हातावरच्या शिरा काढल्या, गालाच्या खड्ड्यात बारीक क्रॉस हॅचिंग केलं, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी सावली भरली, खुर्चीच्या वेताची वीण तर अशी काढली की मोजून घ्यावी. खूश होते मी एकदम. तेवढ्यात आई तांदळाचं ताट घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे काय, गेल्यासारखे दिसतायत."

मग लगेच जीभ चावली, देवाचं नाव घेतलं, आणि चहा टाकायला निघून गेली. मी मात्र तिथेच.

राग आला हे खरं. कारण चित्र चुकलं नव्हतं. कान जागेवर, नाक जागेवर, मापं बरोबर, बाबा ओळखू येत होते. मग चुकलं काय? दोन दिवस ते स्केचबुक उघडून उघडून बघितलं तेव्हा लक्षात आलं की चूक ड्रॉइंगमध्ये नाहीये, रेषेत आहे. ०.१ चं पेन तुम्ही दाबा, हळू धरा, उलटं धरा, रेष तेवढीच येणार, त्याचं कामच ते आहे. त्यामुळे बाबांच्या पोटाची रेष आणि खुर्चीच्या पायाची रेष यात काही फरकच नव्हता. खुर्ची जितकी जिवंत तितकेच बाबा. आणि वर मी गालाच्या खड्ड्यात इतकं विणकाम करून ठेवलं होतं की तिथे सावली पडलीये असं न वाटता मांस उतरलंय असं वाटत होतं. आईने बरोबर वाचलं होतं. तिला ड्रॉइंगमधलं ओ की ठो कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, पण रेष वाचायला ते यावं लागत नाही बहुतेक.

आपल्याकडे होतं काय की शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देताना आऊटलाइन या एकाच गोष्टीचं भूत मानगुटीवर बसवतात. रेष स्वच्छ पाहिजे, एका रेषेवर दुसरी रेष नको, तुटायला नको, थरथरायला नको. स्मरणचित्रात बाजारातली भाजीवाली काढा नाहीतर बसस्टॉपवरची रांग काढा, सगळ्यांची कड सारखीच गुळगुळीत. परीक्षेपुरतं ठीक आहे, मला बी ग्रेड मिळाली होती, तक्रार नाही. पण त्यातून डोक्यात असं बसतं की माणूस म्हणजे आतला आकार आणि रेष म्हणजे त्याचं कुंपण. कुंपण नीट घातलं की माणूस आला. तसं काही नसतं. माणूस कोण आहे, कसा आहे, काढणाऱ्याला त्याच्याबद्दल काय वाटतं, हे बघणाऱ्याला चेहरा दिसायच्या आधी रेषेतून कळून गेलेलं असतं.

पण याचा अर्थ एकसारखी रेष वाईट असा नाही हां. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा बघा ना. कुलाब्याला कॅफे माँडेगारमध्ये कधी बसला असाल तर त्या भिंती आठवा. मारिओची रेष जवळजवळ सगळीकडे सारखीच असते, आणि त्यात तो फरश्या, जाळ्या, फुलाफुलांचे फ्रॉक, केळीची पानं, कुत्री, खिडक्या असं काय काय भरत जातो. गंमत अशी की तिथे सगळ्यांना सारखी रेष मिळाल्यामुळे गर्दीत कोणी लहानमोठं राहत नाही. पाद्री, कोळीण, दारू पिऊन डुलणारा म्हातारा, साहेब, साहेबाचा कुत्रा, सगळे एकाच पंगतीला. गोव्यातल्या लोटलीच्या त्या जुन्या मोठ्या घरात वाढलेला, कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये न शिकलेला, लहानपणापासून डायऱ्या भरत आलेला हा माणूस गावातल्या कोणावरच खरं म्हणजे रागावलेला नाही, आणि हे त्याची रेषच सांगते. चिमटा काढेल, पण वळ उठणार नाही. तीच सपाट रेष एकट्या झोपलेल्या म्हाताऱ्यावर लावली की मात्र म्हाताऱ्याचं फर्निचर होतं. गर्दीत जी समानता वाटते ती एकट्या माणसाला थंड वाटते. हे माझं म्हणणं आहे, कोणाला पटायलाच पाहिजे असं नाही.

असो. दुसरा प्रयत्न टाकाने.

टाक म्हणजे तोच, लाकडी दांडी आणि पुढे लोखंडी निब, दौतीत बुडवायचा. त्याआधी मी एक शहाणपणा केला होता तो सांगूनच टाकते. बाबांचंच एक जुनं फाउंटन पेन होतं, त्याची निब छान मऊ होती, म्हणून मी त्यात इंडियन इंक भरली. ती शाई वॉटरप्रूफ असते कारण तिच्यात लाख असते, आणि लाख वाळली की पेनच्या आतल्या बारीक नळीत सिमेंट झाल्यासारखी बसते. पेन गेलं. कोमट पाणी, साबण, हलवणं, फुंकणं, सगळं झालं. बाबांना अजून सांगितलेलं नाहीये, ते ब्लॉग वाचत नाहीत.

तर टाक. त्याच्या निबला मध्ये चीर असते. दाबलं की दोन पाती फाकतात आणि रेष जाड होते, हात हलका केला की पाती मिटतात, रेष केसाएवढी. म्हणजे हाताचं वजन थेट कागदावर उतरतं. ऐकायला साधं वाटतं पण बाबांना काढताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला की दाबायचं कुठे? आणि त्याचं उत्तर डोळ्यासमोरच होतं, जिथे ते स्वतः दाबतायत तिथे. मान खुर्चीच्या पाठीवर टेकलीये तिथे, कोपर खुर्चीच्या हातावर रुतलंय तिथे, बूड, टाचा. आणि जिथे वजन नाहीये, म्हणजे बनियन पोटावरून सुटलंय तिथे, पेपरची कड, कपाळावरचा चष्मा, तिथे हात जवळजवळ उचललेला. शाई संपत आली की रेष आपोआप सुकत जाते, पुन्हा बुडवून येईपर्यंत आपण एक क्षण थांबतो, आणि तो थांबलेला क्षण पण चित्रात दिसतो, रेष जिथे तुटून पुन्हा सुरू होते तिथे. पहिल्या चित्रात एक तास गेला होता, ह्यात वीस मिनिटं. आणि बाबा खुर्चीत खरंच बसलेले दिसायला लागले, भरीव, जड.

आई आली. बघितलं. आणि फिस्सकन हसली. "हे ढोंग करतायत झोपेचं. दिवाळी अंकात दे."

परत पंचाईत. कारण आता बाबा जिवंत होते, पण विनोदी झाले होते. जाड बारीक, जाड बारीक अशी रेष पोटावरून फिरवली की पोटाला एक प्रकारचा फुगीरपणा येतो, ते पोट राहत नाही, पोटावरची कॉमेंट होते. मी काही मुद्दाम केलं नव्हतं. पण आपला मराठी डोळा दिवाळी अंकांवर पोसलेला आहे आणि आपल्या पेपरांवर तर लक्ष्मणांचा शिक्का आहे, तशी फुगणारी आणि आवळणारी रेष दिसली की आपण हसायच्या तयारीत बसतो. आर. के. लक्ष्मण ब्रश आणि काळ्या शाईने काढायचे. त्यांचे पुढारी बघा, गांधी टोपीखालचे गाल, धोतरावर आलेली ढेरी, ती एका भरलेल्या फटकाऱ्यात येते, आणि कोपऱ्यात चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन, टकलावर दोन बाजूंना केसांचे झुपके, गप्प. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो माणूस काही बोलला नाही. मला नेहमी वाटतं की त्याला बोलायची गरजच पडली नाही कारण पुढाऱ्याबद्दल जे बोलायचं ते त्या ढेरीच्या रेषेने आधीच बोलून टाकलेलं असायचं. आणि ह्याच लक्ष्मणांना मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलने ॲडमिशन नाकारली होती, ही गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलीये.

दुसरीकडे वसंत सरवटे. पेशाने इंजिनिअर, पुलंच्या लिखाणासोबत त्यांची चित्रं आपण लहानपणापासून बघत आलोय. सरवट्यांची रेष लक्ष्मणांसारखी ढोल वाजवत येत नाही. थोडी अवघडलेली, जपून चालणारी. मध्यमवर्गीय माणूस जसा दुसऱ्याच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसतो ना, तशी. त्यामुळे त्यांची माणसं हास्यास्पद होत नाहीत, ओशाळी होतात, आणि ते जास्त लागतं. तेच नाक, तीच टोपी, तोच बंद गळ्याचा कोट दोघांनाही द्या, दोन वेगळ्या गोष्टी सांगून येतील.

लक्ष्मणांचं आठवलं की कावळे आठवतात. त्यांचं कावळ्यांवर प्रेम होतं, त्यांनी ढिगाने कावळे काढलेत, ऐटबाज, मान तिरकी करून बघणारे, शेजारच्या खोडकर पोरासारखे. आणि कावळा म्हटलं की माझ्या डोक्यात लगेच दुसरे कावळे येतात, बंगाली चित्रकार झैनुल आबेदिनचे. इथून पुढचं थोडं जड आहे, पण त्याच्याशिवाय मला बाबांचं तिसरं चित्र सांगता येणार नाही.

१९४३. बंगालचा दुष्काळ. २० ते ३० लाख माणसं गेली असं मानतात. दुष्काळ म्हणायचं, पण युद्ध, साठेबाजी, भडकलेले तांदळाचे भाव आणि सरकारचा निर्लज्जपणा असं ते सगळं मिळून होतं. खेड्यातली माणसं चालत चालत कलकत्त्याला यायची आणि फूटपाथवर मरायची. झैनुल आबेदिन तेव्हा २८ वर्षांचा, कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये शिकवत होता. साहित्य परवडत नव्हतं, तर त्याने कोळशापासून स्वतः काळी शाई केली आणि पॅकिंगचा स्वस्त कागद घेतला. त्यावर सुकत आलेल्या ब्रशने फटकारे. ती चित्रं नेटवर आहेत, एकदा शांतपणे बघा. बरगड्या म्हणजे चारपाच ओरखडे. पाय म्हणजे एक रेष, तीही खाली पोचेपर्यंत फाटलेली. ब्रशमध्ये शाई पुरी नाही आणि कागद शोषून घेतोय, त्यामुळे रेषेच्या मधून कागद दिसतो. मला ते बघताना दर वेळी वाटतं की उपाशी शरीराची गोष्ट उपाशी रेषेनेच सांगितलीये. आणि शेजारी कावळा. कावळा मात्र भरीव काळा, गुबगुबीत. त्या चित्रात पोट भरलेला तो एकटाच. आबेदिनला त्याच्या खाली काही लिहायची गरज नव्हती.

आता त्याच वर्षी, त्याच दुष्काळात, दुसरा माणूस. चित्तप्रसाद. कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता, चित्रकला बरीचशी स्वतःची स्वतः शिकलेला. नोव्हेंबर १९४३ मध्ये तो मिदनापूर जिल्ह्यातून चालत फिरला, रिपोर्टरसारखा, वही आणि शाई घेऊन. त्याची चित्रं आबेदिनसारखी भुर्रकन उडालेली नाहीत. तो थांबतो. चेहऱ्यात छायाप्रकाश भरतो, हाडांचे उंचवटे नीट काढतो, आणि चित्रावर लिहितो, हा कोण, कुठल्या गावचा, याचं काय झालं. नाव. आबेदिनच्या फूटपाथवरच्या माणसाला नाव नाही, तो कोणीही असू शकतो, म्हणून तो सगळेच होतो. चित्तप्रसादला तेच नको होतं. त्याला ते लाखांचे आकडे मोडून एकेक माणूस परत वेगळा करायचा होता, म्हणून त्याला हॅचिंग लागलं, तपशील लागला, वेळ लागला. म्हणजे बघा, विषय एक, वर्ष एक, काळी शाईच, आणि एकाची रेष म्हणते 'बघा माणसाचं काय झालंय', दुसऱ्याची म्हणते 'बघा ह्या माणसाचं काय झालंय'. एका 'ह्या'चा फरक.

ती चित्रं 'हंग्री बेंगॉल' नावाने छापली, ५००० प्रती, आणि इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. शाईच्या रेषेची एवढी भीती. चित्तप्रसाद नंतर मुंबईला आला आणि आयुष्याची कितीतरी वर्षं अंधेरीत राहिला. मी अंधेरीला सहा वर्षं नोकरी केली, रोज तो पूल चढले उतरले, आणि हे मला नोकरी सोडल्यावर कळलं.

हे सगळं मला तेव्हा का आठवलं ते सांगते. मान मागे पडलेली, तोंड उघडं, गालात खड्डे. माझं पहिलं चित्र आणि चित्तप्रसादचा तपशील. मी नकळत बाबांवर तीच पद्धत लावली होती जी एखाद्या मरणाची साक्ष द्यायला वापरतात. प्रत्येक सुरकुती नोंदवून ठेवायची, काही सोडायचं नाही. साक्षीदाराची रेष. घरात दुपारचं वरणभात खाऊन झोपलेल्या माणसाला साक्षीदार कशाला पाहिजे?

मग चौथ्या दिवशी, परत निघायच्या आधी, ब्रश. साधा गोल ब्रश, सहा नंबर, आणि कागद म्हणजे बँकेच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू (कालनिर्णयचा उपयोग नाही, मागे पण छापलेलं असतं). माझ्या फोनमध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटचं एक चित्र सेव्ह करून ठेवलेलं आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे ते, साधारण १६५४ चं, झोपलेली बाई. बहुतेक त्याची जोडीदार हेंड्रिक्येच. तपकिरी शाई, ब्रशचे मोजके फटकारे, डोकं हातावर टेकलेलं, अंगावर काहीतरी सैलसर ओढलेलं. कपड्याचा एक फटकारा तर इतका रुंद आणि इतका बेफिकीर आहे की वाटतं ब्रश पुसायला गेला होता की काय. पण झोप आहे. कारण त्याने तिला जागं होईल इतकं निरखलेलंच नाही. घाईने पण नाही. हळू आवाजात बोलल्यासारखं काढलंय.

मी तसं काढलं असं म्हणायची माझी टाप नाही. पण एक ठरवलं की डोळे काढायचे नाहीत, सुरकुत्या काढायच्या नाहीत, जे माहितीये ते काढायचं नाही, फक्त पडलेलं वजन काढायचं. पहिला फटकारा हनुवटीपासून गळ्यावरून खाली छातीपर्यंत, एकच. तो ओढताना बाबा घोरले आणि मी दचकले, तिथे रेष थोडी हलली, ती तशीच ठेवली. बनियन तीन फटकाऱ्यात. पेपर काढलाच नाही, तो जिथे होता तिथे पांढरं सोडलं, आणि गुडघे आले की पेपर आपोआप आला. खुर्चीचा एकच हात काढला, बाकीची खुर्ची नाही. ब्रश सुकत गेला तशी पायाची रेष फाटत गेली आणि तिथे मी एक मिनिट घाबरले, की आबेदिन होतोय की काय. तर परत शाईत बुडवून टाच ओली, गच्च, काळी काढली. टाच जमिनीवर आहे. माणूस घरात आहे. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

आई आली, बराच वेळ बघत उभी राहिली. मी म्हटलं आता काहीतरी ऐकायला मिळणार. म्हणाली, "बनियनला भोक आहे ते नाही काढलंस ते बरं केलंस." आणि गेली.

तीन वाजता बाबा उठले. तिन्ही चित्रं त्यांच्यासमोर ठेवली, काही न सांगता. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, ब्रशवालं बघून म्हणाले हे पूर्ण कधी करणार, टाकवालं बघून म्हणाले पोट एवढं नाहीये माझं, आणि पहिलं हातात घेऊन खिडकीपाशी गेले. वेताची वीण बोटाने मोजली. "ह्याच्यात मेहनत दिसते," म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रेम करून आणलं, साडेतीनशे रुपये देऊन, मला फोनवर फोटो पाठवला.

हॉलमध्ये लावायचं होतं त्यांना. आईने लावू दिलं नाही, तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही म्हणते ते समोर असलं की. बरीच बोलणी झाली त्यावर, मी फोनवरून काही बाजू घेतली नाही. आता ते बाबांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलंय. शर्ट काढताना ते बघतात.